आठशे तास टिकलेला पत्रा

“सर, आठशे तास टिकलेला पत्रा आठ दिवसांत मेला कसा?”

हा प्रश्न विचारायची पैज चष्मिस आणि लंबूने लावली होती. ताईसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या मैत्रिणीने, तो थेट प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनाच विचारून टाकला!

सुट्टीत तिघांचा मुक्काम तिच्या आईच्या प्रयोगशाळेतच असायचा. पाण्यात बुडवलेल्या पत्र्यातून वीज सोडली, की पाणी फुटून हायड्रोजनचे बुडबुडे निघत. पत्र्यावरच्या काळ्या लेपामुळे थोड्या विजेत काम भागे. तो लेप हजार तास टिकावा म्हणून आई दोन वर्षं राबत होती. आणि आता त्याचे पापुद्रे निघाले होते.

सरांकडे उत्तर तयार होतं. रोज शुद्ध पाण्याची भर घालणारे मदतनीस काका निष्काळजी झालेत, सोमवारपासून त्यांची रवानगी कोठारात. काका वीस वर्षं इथेच होते. ते खाली मान घालून नळ्या पुसत राहिले.

“काका आणि निष्काळजी? शक्यच नाही,” चष्मिस म्हणाला.

झालं, तिघं कामाला लागले. वहीत रोजची भर वेळच्या वेळी नोंदलेली होती. मग लंबूने काकांच्या शुद्ध पाण्याच्या कॅनमधला थेंब काचेवर वाळवला. शुद्ध पाणी मागे काहीच ठेवत नाही. इथे मात्र पांढरा डाग उमटला.

“नळाचं पाणी! यातल्या क्षारांनीच लेप गेला. कुठल्या शहाण्याने भरलं रे?” लंबू म्हणाला.

तो शहाणा म्हणजे खुद्द ताईसाहेब. मागच्या शनिवारी हे दोघं नसताना तिने चिखलाची सायकल धुवायला कॅन रिकामा केला होता, आणि आई ओरडेल म्हणून नळाखाली धरून भरून ठेवला होता.

ती तोंड उघडेपर्यंत दोघं काच घेऊन सरांकडे पोचलेसुद्धा. सरांनी तिघांची पाठ थोपटली. काकांनी नळाचं पाणी ओतल्याचा पुरावाच मिळाला म्हणाले.

काकांनी काच निरखून पाहिली. “असेल बाबा. वय झालं. माझ्याच हातून झालं असेल.”

ती शाबासकी तिच्या पाठीवर दिवसभर चटके देत होती. जेवताना तिने सगळं भडाभडा सांगून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला. आई हळूच म्हणाली की सरांना ती स्वतः समजावेल.

“नाही,” ताईसाहेब म्हणाल्या. “उद्या मीच सांगणार. सगळ्यांसमोर, काका तिथे असताना. आणि आई, तू मध्ये एक अक्षर बोलायचं नाहीस.”