पलीकडची वीज

सीमेजवळच्या उपकेंद्रात ऑपरेटरची दुपार बहुतेक जांभया देण्यातच जायची. शेजारच्या देशातल्या धरणाची वीज तिथूनच शहराला मिळे. पलीकडच्या वीजघरातला ऑपरेटर रोज थेट फोनवर असे. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण एकमेकांच्या घरातली दुखणीखुपणी दोघांना पाठ होती.

मग दोन्ही सरकारांचं बिनसलं. करार मोडला. सीमेवरच्या तारा उतरवून गुंडाळून ठेवल्या. फोन काढायचं तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुरात पलीकडचं वीजघर भरू लागलं, तेव्हा तो वाजला.

"भाऊ, मोठे पंप तुमच्याकडेच आहेत. आम्ही आत अडकलोय. पाठवा."

पंप निघाले आणि सीमेच्या फाटकावर अडले. "वरून आदेश नाही," उपकेंद्राचे साहेब म्हणाले. "तुम्ही कशाला जीव काढताय? करार त्यांनीच मोडला ना?"

आदेश आला, तेव्हा वीजघर आतल्या माणसांसकट बुडालं होतं. पंपांची गरज उरली नव्हती.

इकडे शहरात करार मोडल्यापासून विजेचा लपंडाव सुरू होता. ऑपरेटरची आई घरी प्राणवायूच्या यंत्रावर होती. कामावर असतानाही त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

एका सकाळी पलीकडून येणाऱ्या बंद लाइनच्या मीटरचा काटा हलला. त्याने मीटरला टिचकी मारून पाहिली. काटा वर चढतच होता. तो धावत बाहेर गेला. मनोरे उघडेबोडकेच होते, एकही तार नव्हती.

आत आला, तर फोन वाजत होता.

"भाऊ, पाठवतोय. घ्या."

आवाज तोच. मागे बाकीच्यांचं बोलणं चाललेलं. कुणीतरी हसलं.

"तुम्ही... कुठून बोलताय?"

"कामावरूनच की. आई कशा आहेत?"

त्याने साहेबांना बोलावलं. काटा पाहून साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मग ते सावरले.

"येतेय ना? मग घ्या. आणि तोंड बंद ठेवा."

त्याने खटका ओढला.

शहर उजळलं. आता आपल्याला कुणापुढे हात पसरायला नकोत, असं मंत्री सभेत म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तो घरी गेला. पंखा गरगरत होता.

"आज आईंना जरा बरं वाटतंय," बायको म्हणाली.

आईचा मास्क थोडा सरकला होता. नीट बसवायला त्याने तो उचलला.

आतल्या बाजूला ओला, बारीक गाळ होता.

आईला धाप लागली.

त्याने गाळ बोटाने पुसला आणि मास्क परत तिच्या तोंडावर बसवला.