आतून झिजलेलं टायर

टायरचा तुकडा उसात सापडला, गाडी उलटली होती तिथून साठ पावलांवर.

हवालदार गिताबाईंनी तो उचलला. बाहेरच्या बाजूची नक्षी शाबूत. आतल्या कडेचं रबर पार संपलेलं, तारा उघड्या. एक तार त्यांच्या बोटात घुसली.

न्हावऱ्याच्या पुढं शनिवारी ही इलेक्ट्रिक गाडी उलटली. चालक गोकुळ गेला. मागं बसलेली अनसाबाई गेली. कुरकुंभला औषधांच्या कंपनीत ती पॅकिंगला होती; तिथल्या कामगारांची ने-आण गोकुळ आपल्या गाडीतून करायचा. पंचनामा तासात उरकला : चालकाला डुलकी लागली. मेलेला माणूस उलटून बोलत नाही. सगळ्यांची सोय झाली.

गोकुळची बायको नकुशी तेवढी बोलत होती.

"त्यो झोपला न्हाई, बाई. अनसाबाईची सून माझ्या दारात येऊन थुकून गेली. पोरीला शाळंत 'झोपाळूची पोर' म्हणत्यात. खरं काय ते हुडका."

"रात्रपाळी करून निघाला होता?"

"सकाळची पाळी. झोप काढून गेल्याला. महिनाभर म्हणत व्हता, गाडी घूं घूं करती. या गाडीला इंजिनाचा आवाज न्हाई, तवा टायर कण्हतं ते ऐकू येतं."

"कुणाला सांगितलं त्यानं?"

"मामंजींना. त्यांचंच तर दुकान."

तिचा सासरा सोपानराव. शिरूरला तीस वर्षं व्हील अलाइनमेंट करणारा, म्हणजे यंत्रावर मापं घेऊन गाड्यांची चाकं सरळ करून देणारा. तो नकुशीबरोबरच ठाण्यात आला होता. आत येण्याआधी त्यानं पोलीस जीपच्या पुढच्या चाकामागं हात घातला.

"आतून खातीय. चाकं फाकल्यात. सरळ करून घ्या, म्याडम."

"घेते. आप्पा, गोकुळला झोप लागली असंल?"

सोपानरावनं हाताची धूळ धोतराला पुसली. "लागली आसंल डुलकी. मिटवा आता. पोर तर गेलं."

नकुशीनं सासऱ्याकडं बघितलं आणि पदर तोंडात धरला.

गाडीच्या खणात अलाइनमेंटची स्लिप निघाली. सोपानरावच्याच दुकानाची; ती दाखवल्याशिवाय कंपनी गाडी आत घेत नसे. तारीख अपघाताआधीच्या सोमवारची, वेळ सकाळी नऊ चाळीस. चाकं सरळ करण्याच्या 'आधी' आणि 'नंतर' अशा मापांचे दोन रकाने. दोन्हींत सगळे आकडे हिरवे, म्हणजे चाकं सरळ; खाली सोपानरावची सही.

गिताबाई कुरकुंभला गेल्या. गेटवरचा वॉचमन बिहारचा.

"सोमवार को पुरानी पर्ची का टाइम खतम था, म्याडम. रोक दिया. उसने फोन लगाया. दस बजे मोबाईल पे नई पर्ची दिखाई, तो छोड दिया. कागज बाद में लाया."

"तोपर्यंत गाडी कुठं होती?"

"यहीं. गेट पे."

"टायर बघितलं?"

वॉचमन हसला. "टायर देखने का ऑर्डर नहीं है. पर्ची देखने का है."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिताबाई नकुशीला घेऊन दुकानात शिरल्या. सोपानराव यंत्र पुसत होता. त्यांनी तुकडा त्याच्यापुढं ठेवला.

"आप्पा, हे टायर पाच दिवसांत असं झालं?"

"न्हाई. महिने लागत्यात."

"का झालं?"

"चाकं फाकल्याली. त्यात बॅटरीनं जड गाडी. लवकर खाती."

"मग तुमच्या स्लिपवर 'आधी'च्या रकान्यात चाकं सरळ कशी?"

सोपानरावच्या हातातलं फडकं थांबलं.

"ती मापं दुसऱ्या गाडीची आहेत. नंबर तेवढा गोकुळच्या गाडीचा टाकलाय. नऊ चाळीसला गाडी तुमच्या यंत्रावर नव्हती, कुरकुंभच्या गेटला अडकली होती. खरंच चढली असती, तर तुमचा हात चाकामागं गेला असता. पोलिसाच्या जीपलाही तुम्ही हात घालता, कुणी न सांगता. मला टोचली ती तार तुम्हाला टोचली असती." गिताबाईंचा आवाज खाली आला. "आन् पोराला डुलकी लागली, असं परके म्हणतील. बाप का म्हणंल?"

सोपानराव यंत्राला टेकून खाली बसला.

"समदेच फोन करत्यात. आप्पा, गेटवर अडकलोय, कागद धाडा. मी धाडतो. आजवर कुणाचं काय झालं न्हाई. त्यो म्हणला, टायर लई कण्हतंय. मी म्हणलो, जड गाडी कण्हणारच. घरची गाडी हाय, रविवारी निवांत चढवू."

रविवारी त्यानं पोराला अग्नी दिला होता.

वॉचमननं टायर बघितलं नाही, कंपनीनं बघितलं नाही. सगळ्यांनी कागद बघितला, आणि कागद बापाचा होता.

नकुशी पुढं आली.

"पाच दिस मी शिव्या खाल्ल्या. तुम्ही माझ्याच हातची भाकर खात व्हता, मामंजी. एकदा तरी म्हणायचं, माझं पोर जागं व्हतं."

"तोंड उघडंना, पोरी."

ती गिताबाईंकडं वळली. "लिवा, बाई. पैल्या वळीत लिवा. गोकुळ जागा व्हता."

गिताबाईंनी लिहिलं. सोपानरावनं खाली सही केली. अक्षर स्लिपवरच्यासारखंच, वळणदार.

जीपपाशी आल्यावर त्याचा हात सवयीनं चाकामागं गेला आणि तिथंच राहिला. म्हातारा चाकाला धरून रस्त्यात बसला, लहान पोरासारखा हुंदके देत.

नकुशीनं त्याला उठवलं नाही. जबाबाचा मोबाईलवर फोटो घेतला आणि ती स्टँडकडं निघाली, अनसाबाईच्या सुनेला दाखवायला.