हद्दीचा वळसा

हॅडली काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये यतीनची खोली तळमजल्यावर होती. लाल दगडाची जुनी इमारत, भोवती पेकनची झाडं, आणि भिंती इतक्या जाड की बाहेर टेक्ससचं ऊन रणरणत असलं तरी आत गारवा असायचा. नागपूरहून आलेल्या माणसाला त्या गारव्याची किंमत कळते. काउंटीचे नकाशे कॉम्प्युटरवर सांभाळणं हे त्याचं काम. फ्रिस्को शहरातली आयटीची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी तो इथे आला होता.

अठराशे सत्त्याहत्तरपर्यंत ही काउंटी नव्हतीच. लग्न नोंदवायचं म्हटलं तरी लोकांना घोड्यावरून दोन दिवस जावं लागे. शेवटी त्यांनी अर्ज केला आणि शेजारच्या मोठ्या काउंटीचा पूर्वेकडचा तुकडा वेगळा निघाला. सर्व्हेअर मोजणीच्या लोखंडी साखळ्या घेऊन फिरले, हद्द आखली गेली, आणि मग हे कोर्टहाउस बांधलं.

पश्चिमेची हद्द तीस मैल अगदी सरळ होती. फक्त एका जागी ती आत वळायची, थोडी जागा बाहेर टाकायची आणि पुन्हा आपल्या वाटेला लागायची. गंमत म्हणजे शेजारच्या काउंटीच्या नकाशात हीच रेषा सरळ होती. म्हणजे मधला तुकडा कुणाचाच नव्हता. ॲम्ब्युलन्सच्या नव्या यंत्रणेला हे चालणार नव्हतं.

"कुणीतरी माउस हलवला असणार," यतीन म्हणाला.

लोरेन हसली नाही. ती चाळीस वर्षं इथल्या दफ्तरात काम करत होती. तिने काउंटीच्या पहिल्या वर्षाचं इतिवृत्त आणून त्याच्यासमोर उघडलं. शाई तपकिरी पडली होती, पण अक्षर स्वच्छ होतं : 'सर्व्हेअरने शपथेवर सांगितले की ही जागा आत घेऊ नये. कारण ऐकले. कारण लिहू नये, असे ठरले. रेषा मान्य.'

"तेवढी जागा सोड, यतीन," लोरेन म्हणाली.

"लोरेन, तिथे नुसतं गवत आहे. वर्षभर आपण सगळेच त्या नव्या रस्त्याने जातोय."

"रस्त्याने जाणं वेगळं. आत घेणं वेगळं."

ती वर निघून गेली. मंगळवारी सकाळी दहा वाजता यतीनने रेषा सरळ केली आणि सेव्ह केली.

लगेच त्या मोकळ्या माळावर एकोणीस ठिपके उमटले. नकाशात एक ठिपका म्हणजे एक घर. जुना डेटा कुठूनतरी घुसला असेल म्हणून त्याने ते पुसले. पान ताजं केलं. पुन्हा एकोणीस. यतीन वैतागला आणि कॉफी घ्यायला गेला.

अकराला फोन आला. फ्रिस्कोच्या डेंटिस्टकडून. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीची, अनिकाची, साडेदहाची अपॉइंटमेंट होती, अजून कुणी आलं नव्हतं. यतीनला नवल वाटलं. त्याची बायको प्रीता अनिकाला घेऊन त्याच नव्या रस्त्याने जाणार होती, आणि ती कधी उशीर करत नसे. त्याने तिला फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग त्याने फोनवर तिचं लोकेशन उघडलं.

निळा ठिपका हललेला नव्हता. दहा वाजून चार मिनिटांपासून तो त्या तुकड्याच्या बरोब्बर मध्ये उभा होता.

अपघात. दुसरं काही सुचेना. त्याने शेरीफच्या ऑफिसला, म्हणजे काउंटीच्या पोलिसांना, कळवलं. एक डेप्युटी जवळच होता. दहा मिनिटांत त्याचा फोन आला.

"मी नेमका तिथेच उभा आहे, सर. इथे गाडी नाही."

"रस्त्याच्या खाली उतरली असेल. नीट बघा ना."

"दोन मैलांपर्यंत सपाट दिसतंय, सर. गाडी नाही, टायरच्या खुणा नाहीत." तो थांबला. "तुमच्या मिसेसचा फोन वाजतोय का आत्ता?"

"हो. दुसऱ्या फोनवरून मी लावलाय."

"मला ऐकू येतोय," डेप्युटी हळूच म्हणाला. "अगदी माझ्या पायांशी. पण इथे काहीच नाही."

दारात लोरेन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"रेषा परत वळव."

"रेषेचा काय संबंध, लोरेन? माझी मुलगी आहे तिथे!"

"म्हणूनच सांगतेय."

कॉम्प्युटरवरची एक रेघ. तिने गाडी कशी अडेल? यतीनला हे पटत नव्हतं. पण त्याने जुनी फाइल उघडली.

एकेक कोपरा तपासला.

सेव्ह केलं.

एकोणीस ठिपके गेले.

निळा ठिपका हलला.

पुढच्याच क्षणी फोन वाजला. "अरे यतीन, किती कॉल्स? ड्राइव्ह करतेय मी! आणि हा शेरीफ हात काय करतोय मला?"

यतीन टेबलावर डोकं टेकून रडला. लोरेनने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

प्रीताला काहीच आठवत नव्हतं. "दोन मिनिटं थांबले असेन. लोक रस्ता क्रॉस करत होते, यार." गाडीतलं घड्याळ सव्वा तास मागे पडलं होतं, एवढंच. यतीनने दोघींना घट्ट मिठी मारली, अपॉइंटमेंट कॅन्सल केली आणि सुट्टी टाकली. त्या दुपारी त्याने वरण-भात लावला, वर भरपूर तूप घातलं. अनिका "बाबा, टू मच!" म्हणून ओरडली आणि तिघं पोटभर हसली. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तो अनिकाची पाण्याची बाटली आणायला गाडीपाशी गेला. मागचं दार उघडलं. बाटली खाली पडली होती. अनिकाची सीट रिकामी, पट्टा सुटलेला.

शेजारची जागाही रिकामी होती. पण तिचा पट्टा कुणीतरी नीट ओढून लावलेला होता. तो सैल पडलेला नव्हता. सीटपासून वीतभर पुढे, गोलाकार, ताणलेला होता.

यतीनने बाटली उचलली. आणि का ते त्यालाही कळलं नाही, पण कुणाची झोप मोडू नये तसं त्याने दार अगदी हलकेच लावलं.