होळीनंतर वाजवलेलं पान

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या बापाच्या बाबतीत घडलेली आहे. खोटी वाटली तर वाटू द्या, पण ती अजून माझ्या घरात संपलेली नाही.

साल त्र्याहत्तर. चैत्र महिना. नाशिक जिल्ह्यात पेठच्या बाजूला, सागाच्या उघड्याबोडक्या डोंगराखाली आमचा पाडा. आदल्या वर्षी पावसाने तोंड फिरवलेलं. ओढे कोरडे, कणग्या रिकाम्या.

आणि त्यात मी जन्मले.

माझ्या आईच्या, नवसाबाईच्या, अंगावर दुधाचा थेंब नव्हता. मी आधी रडायचे. मग कण्हायचे. मग तेही थांबत चाललं होतं...

सुईण साळूबाई शेजारचीच. तिने माझ्या बाला, वाळूला, दारातच गाठलं.

"वाळू, बाईच्या अंगात रगत नाय, दूध कुठून यील? मटनाचं पाणी पाज तिला. ती बंदूक काय भिंतीला शोभा म्हणून टांगली का?"

"जनावर तर दिसाया पायजे, आत्या."

"दिसंल आसं कर. पोर आजची रात काढंल का नाय, मला सांगवत नाय."

बाच्याकडे त्याच्या बापाची ठासणीची बंदूक होती. एक बार उडाला की पुन्हा दारू भरा, शिशाची गोळी घाला, गजाने ठासा. तोवर जनावर पल्याडच्या डोंगरावर. त्यात शिमग्याच्या शिकारीत हाकारे घालून माणसांनी रान पिंजलेलं. उरलेली भेकरं, ती कुत्र्यासारखी भुंकणारी लहान हरणं, शहाणी झाली होती. माणसाचा वास आला की भुंकायची आणि गडप व्हायची.

एकच जागा उरली होती. दरीतला झिरा, आणि त्याच्यावर झुकलेलं मोहाचं झाड. पाणी आणि फुलं, दोन्ही तिथेच.

आणि एकच युक्ती उरली होती.

पान.

कोवळं पान ओठांत धरून फुंकलं की पाडसाच्या रडण्यासारखा आवाज निघतो. आई धावत येते. पण आमच्याकडे होळी पेटली की पान वाजवणं बंद. त्या दिवसांत माद्या लेकुरवाळ्या असतात.

वाटेत म्हातारा भिकनबाबा मोहाची फुलं वाळत घालून राखत बसला होता. बाच्या खांद्यावरची बंदूक बघून म्हणाला, "गप बसून वाट बघ. पान नको वाजवू."

"आन नाय आलं कायबी तर?"

"तर रिकामा ये. पान ऐकून आई येती, वाळू. कुणाची आई, ते आपल्याला कळत नाय."

झिऱ्याशी पोचल्यावर बाने चिमूटभर राख सोडून बघितली. वारा तोंडावर येत होता. वास मागे जाणार. तो दगडाआड बसला. ऊन कललं. रानकोंबडा ओरडून थांबला. मोहाची फुलं टप टप पडत राहिली...

काही आलं नाही.

सावल्या झिऱ्यापर्यंत सरकल्या. आणखी थोड्या वेळात नेम धरता आला नसता. बाच्या डोळ्यांपुढे माझे सुकलेले ओठ.

त्याने पान तोडलं.

पहिल्यांदा फुंकलं. रान गप्प झालं. फुलं पडायचीसुद्धा थांबली.

दुसऱ्यांदा फुंकलं...

बा मला सांगायचा, "पाडसाचा आवाज नव्हता गं तो. पान माझ्या ओठात, आन रडनं तुझं."

पल्याड पाचोळा वाजला. भेकराची मादी उतरली. सरळ त्याच्याकडे. माणसाचं भय नाही, नळीचं भय नाही. कास भरून आलेली. दूध पाचोळ्यावर ठिबकत होतं...

बाने डोळे मिटले आणि चाप ओढला.

दारूच्या धुराने सगळं झाकलं. धूर विरला, तर मादी नव्हती. रक्त नव्हतं. खुरांचा ठसा नव्हता.

नुसते दुधाचे थेंब होते... झिऱ्यापासून वर, पाड्याच्या वाटेला लागलेले.

बा पळत सुटला.

घर शांत होतं. त्या शांततेचा एकच अर्थ त्याला ठाऊक होता. तो दारातच खाली बसला.

आतून आई म्हणाली, "अवं, हळू. पोर आत्ताच निजली. पोटभर पिऊन."

"पिऊन? कुणाचं?"

"साळूआत्यानं बाई धाडली व्हती ना? मला ग्लानी व्हती, तोंड नाय दिसलं. लय येळ पाजलं तिनं. बोलली नाय कायबी. पन तिच्या लुगड्याला बंदुकीच्या दारूचा वास येत व्हता... आन कुशीकडं समदं वलं व्हतं."

साळूबाईने कुणालाही धाडलं नव्हतं.

माझ्या ओठांवर दूध होतं. आणि गालावर रक्ताचं एक बोट ओढलेलं.

मी जगले. बाने ती बंदूक पुन्हा ठासली नाही. पुढे मरेपर्यंत, दर चैत्रात दिवेलागणीला तो कानांत कापूस घालून बसायचा. कशासाठी, ते त्याने कधी सांगितलं नाही.

मला ते तो गेल्यावर कळलं.

मी आता नाशकात राहते. आसपास ना मोह, ना रान. पण चैत्र लागला की दिवेलागणीला घरामागे कुणीतरी पान फुंकतं... बाकी कुणाला ऐकू येत नाही. माझे केस पिकले, नातवंडं झाली. तरी तो आवाज आला की माझी चोळी दुधाने भिजते.

गेल्या चैत्रात सुनेने मला दंडाला धरून हलवलं. "आई, अहो, अनवाणी कुठे निघालात?"

मी फाटकाबाहेर, रस्त्याच्या मधोमध उभी होते.

पानाच्या मागे कुणीतरी बंदूक ठासून बसलेलं असतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तरी पाय थांबत नाहीत...