आईची साडेसातची मालिका

वाऱ्याने डिश फिरली, आईची साडेसातची मालिका धोक्यात आली, आणि पाच वाजता बोईसरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर डिश दुरुस्त करणारी हेतल हजर झाली. कानामागे स्क्रूड्रायव्हर, खांद्यावर वायरचं भेंडोळं. थेट गच्चीवर चढली आणि तिथून मला फोन लावला. टीव्हीसमोर उभी राहा, चित्र दिसलं की सांग.

चित्र दोन मिनिटांत दिसलं. मी म्हणाले, "नाही अजून..."

का खोटं बोलले, देव जाणे. तो आवाज कानात राहावा, एवढंच वाटलं. ती डिश इकडे फिरवी, तिकडे फिरवी. चित्र येई, जाई, पुन्हा येई. मी आपली नन्नाचा पाढा लावून बसले होते.

शेवटी ती हसली. "अपेक्षा, माझ्या हातात मीटर हाय. सिग्नल कधीचा आलाय... अजून बोलायचं हाय का?"

माझे कान तापले. "हो — थोडंसं."

त्यानंतर महिन्याभरात वारा नसतानाही आमची डिश तीनदा हलली. तिसऱ्यांदा हेतलने गच्चीवर माझा हात धरला आणि म्हणाली, "आता डिश नको हलवू. मला नुसतं बोलव." हे धाडस तिला मोबाईलवर मिळालं होतं. कुठल्याशा तालुक्याच्या गावातल्या दोघी आपल्या दोघींच्या संसाराचे व्हिडिओ टाकायच्या. केळव्याला घरी बसून ती ते पुन्हा पुन्हा बघायची.

मला मात्र आईची भीती. कारखान्यातल्या नोकरीसाठी बाबांनी बीड सोडलं, आईने बीड सोबत आणलं. तिच्या मालिकेत दोन मुली एकमेकींच्या प्रेमात पडल्या तेव्हा "शी, काय दाखवायलेत" म्हणून तिने चॅनल बदललं होतं. दुसऱ्या दिवशी परत लावलं, पुढे काय झालं ते कळायला नको? चार महिन्यांत ती त्या दोघींसाठी मंगळवार धरू लागली आणि त्यातल्या एकीला घराबाहेर काढणाऱ्या तिच्या आईचा रोज उद्धार करू लागली.

एका संध्याकाळी हेतल माझ्याशेजारी बसली होती. जाहिराती लागल्या. मी कसंबसं विचारलं, "आई, त्या पोरीच्या जागी... मी असते तर?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मग हेतलकडे. मालिका पुन्हा सुरू झाली तशी तिने टीव्हीचा आवाज बंद केला.

"चार म्हैने त्या बाईला शिव्या द्यायले मी," ती हळूच म्हणाली. "आता तिच्यावानीच वागू का?" डोळे पुसून पुढे म्हणाली, "तुझ्या बाबांना मी सांगते. तू मधी बोलू नको."

ती मालिका कोण लिहितं, मला ठाऊक नाही. जे कोणी असेल, त्यांचे पाय धरावेसे वाटतात. जे मला जन्मात आईला सांगता आलं नसतं, ते त्यांनी रोज अर्धा तास, तिला रागावू देत, रडू देत सांगितलं होतं.

आई स्वयंपाकघरात गेली. परातीत पीठ पडल्याचा आवाज आला.

"हेतल, भाकरी किती खातीस गं?"

"दोन, काकी..."

"तीन करते. घरात लाजायचं नसतं."