यमूची विचारपूस

मेहरूण तलावाकाठच्या त्या घरात मेघाला येऊन चार महिने झाले होते, आणि ती फारच कमी बोलते ही बातमी तेवढ्यात तलावापलीकडे पोचली होती. म्हणूनच श्रावणात, कानबाईच्या सणाला आठ दिवस उरले असताना तिने आपणहून एक काम अंगावर घेतलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, ललितने, चहाचा कप खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं.

काम साधंच होतं. सासूबाईंच्या, म्हणजे सुनंदाबाईंच्या, दिवंगत आईने गायलेली कानबाईची गाणी दोन जुन्या कॅसेटींत होती. मेघाने ती उतरवून कोठीच्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर ठेवली आणि त्याचा घरापुरता सर्व्हर केला. सणाच्या रविवारी भाऊबंद जमणार, प्रसादाचे रोट खाणार आणि आपापल्या मोबाइलवर ती गाणी ऐकणार. नव्या सुनेची पहिली कानबाई. काम फसलं तर पुढची वीस वर्षं दर श्रावणात त्याची आठवण निघणार, हे तिला न सांगता कळत होतं.

अडचण होती सर्व्हरच्या आकडी पत्त्याची. ललितने तो वाचून दाखवला, "एकशेब्याण्णव ठिपका एकशेअडुसष्ट ठिपका..."

"बाई गं," ललितच्या कुंदाकाकू म्हणाल्या, "हा गाण्याचा पत्ता आहे का गॅसचा नंबर?"

मग मेघाने लॅपटॉपवरच नावांची यादी केली, आणि वायफायला बजावलं, कुणी नाव विचारलं की आधी या यादीत बघायचं. ‘गाणी.घर’ लिहिलं की गाणी हजर. कुणी कधी कोणतं नाव विचारलं, त्याची नोंदही तिथेच उमटायची.

बुधवारी दुपारी सव्वाचारला नोंदीत एक नाव आलं. ‘यमू.घर’. लगेच पुन्हा तेच. यादीत नाव नव्हतं, त्यामुळे दोन्ही वेळा उत्तर गेलं, असं कुणी नाही.

गुरुवारी सव्वाचारला तसंच. दोनदा. विचारणाऱ्याचा वायफायवरचा क्रमांक सत्तावन्न होता, आणि घरातल्या कुठल्याच मोबाइलला, टीव्हीला तो दिलेला नव्हता.

"शेजारचं कुणी फुकटचं वायफाय वापरत असेल," ललित म्हणाला आणि पासवर्ड बदलला. शुक्रवारी सव्वाचारला सत्तावन्नने पुन्हा विचारलं. दोनदा.

शनिवारी दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर फक्त वायफाय आणि लॅपटॉप. कोठीत अंधार, लॅपटॉपच्या पंख्याची घरघर, आणि चूल नसलेल्या त्या घरात कुठून तरी चुलीवरच्या भाकरीचा वास. मेघाने शेवटी धीर करून सासूबाईंना बोलावलं.

"आई... यमू कोण?"

सुनंदाबाईंच्या हातातलं सूप तिरपं झालं. गहू जमिनीवर ओघळले.

"ते मन्हं नाव शे, माय," त्या हळूच म्हणाल्या. "माहेरचं. लग्नात तांदळाच्या ताटात तुझ्या सासऱ्यांनी सुनंदा लिहिलं, ते संपलं. यमू म्हणणारी एकटी माझी आईच होती. शाळा सुटली की ओट्यावरून हाक मारायची..."

"किती वाजता?"

"सव्वाचारला."

मेघाने घड्याळाकडे पाहिलं. मग सुनंदाबाई एकदम कामाला लागल्यासारख्या ओरडल्या, "बठ्ठा मोबाइल बंद करा रे!" सगळे मोबाइल बंद झाले. तरी सव्वाचारला नाव उमटलं. एकदा... दोनदा...

"तिसऱ्यांदा नाही ना?" सुनंदाबाईंनी विचारलं. "मग ओ नको देऊ. दोन हाकांवर ओ द्यायची नाही, भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी आली तर आपल्याच माणसाची."

रविवारी घर माणसांनी, रोटांनी आणि काकूंच्या टोमण्यांनी भरून गेलं. ‘गाणी.घर’ प्रत्येकीच्या मोबाइलवर उघडलं. "न बोलणारी सून केवढं बोलून गेली गं!" कुंदाकाकू म्हणाल्या, आणि मेघाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सव्वाचारला मात्र ती आणि सासूबाई कोठीत होत्या. एकदा. दोनदा. पंखा घरघरला, थांबला.

तिसऱ्यांदा.

"लिही," सुनंदाबाई म्हणाल्या. डोळे भरलेले, पण चेहरा शाळा सुटलेल्या पोरीचा.

मेघाने यादीत ‘यमू.घर’ लिहून गाण्यांचा पत्ता जोडला. सत्तावन्न आत आला. त्याने एकच गाणं मागितलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि गेला. त्यानंतर तो नोंदीत कधी दिसला नाही. सुनंदाबाईंनी त्या संध्याकाळी एक रोट जास्त खाल्ला.

मेघाने मग यादी बंद करून टाकली असती. पण मंगळवारी दुपारी ती एकटीच कोठीत आवराआवर करत होती, तेव्हा पडद्यावर नवं नाव आलं. ‘रत्ना.घर’.

ललितने तांदळात मेघा लिहिण्याआधीचं तिचं नाव. ते या घरात कुणी उच्चारत नव्हतं. तिने माहेरी, धुळ्याला फोन लावला. आई ठणठणीत होती, उलट हसली, "मी तर आता तुला मेघाच म्हणते गं. रत्ना-रत्ना करून गल्ली डोक्यावर घ्यायची ती तुझी आजी." आजीला जाऊन सात वर्षं झाली होती.

विचारणाऱ्याचा क्रमांक अठ्ठावन्न होता.

कोठीत ओल्या मेंदीचा, आजीच्या हातांसारखा वास आला. मेघाने यादी उघडली, नाव लिहून ठेवलं, आणि बोट ‘सेव्ह’च्या बटणावर अलगद टेकवलं.

पडद्यावर दुसऱ्यांदा नाव उमटलं.

ती थोडी हसली, पदर सावरला आणि वाट पाहत बसली.