चोविसावी पेटी

"माझ्यावर चोरीचा आळ आलाय," सुबोध टिपणीस म्हणाला, "आणि आळ घेणारे माझेच सर आहेत."

मरोळच्या औद्योगिक वसाहतीसमोर कल्पिता वैतीचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि खडखडणारा पंखा. कल्पिता वेसाव्याची. आईने आयुष्यभर बाजारात मासळी विकली. समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय, हे ओळखायची विद्या मुलीने तिच्याकडूनच उचलली. तिच्या शेजारी नंदू परब, बत्तीस वर्षं हवालदारी करून निवृत्त झालेला. मनाने चांगला, डोक्याने जरा सावकाश. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, तेव्हा आपणही सांगायला हरकत नाही.

"सुरुवातीपासून सांगा," कल्पिता म्हणाली.

सुबोधने सांगितलं. मार्तंड राणे सर घाटकोपरच्या शाळेत मराठी शिकवायचे. गिरणी कामगाराचा मुलगा. तिशीत असताना मरोळच्याच एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे प्राचीन ग्रीक शिकले आणि ग्रीक-मराठी शब्दकोश करायला बसले. एकटेच. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड, त्यावर ग्रीक शब्द, मराठी अर्थ आणि खाली सरांनी स्वतः रचलेलं एक वाक्य. ग्रीक अक्षरं चोवीस, म्हणून बुटांच्या पेट्याही चोवीस.

"मी एकेक पेटी घरी नेऊन कॉम्प्युटरवर उतरवतो आणि परत आणून देतो. तेवीस झाल्या. चोविसावी नाहीशी झालीये. येत्या रविवारी माजी विद्यार्थी जमणार, सर स्वतःच्या हाताने सगळं छापखान्याच्या हवाली करणार. सर म्हणतात, पेटी सुबोधने नेली, पुस्तकावर स्वतःचं नाव घालायला. चार दिवस झाले, माझं तोंड बघत नाहीत."

"ती पेटी तुम्ही शेवटची कधी बघितलीत?"

"कधीच नाही. सहा महिने मागतोय. सरांच्या पत्नी, कमलकाकू, म्हणतात, अजून थोडं राहिलंय."

रिक्षा पवईपर्यंत रखडत गेली, मग मुलुंडला सरांच्या घरापर्यंत जरा वेगाने. नंदू वाटभर म्हणत होता की पोरगा सरळ दिसतो, पण सरळ दिसणारेच जास्त पक्के असतात.

सरांची इमारत पाडून नवी बांधायची होती. महिनाअखेरीस सगळ्यांनी जागा सोडायची, त्यामुळे घरात खोकीच खोकी. कमलकाकूंनी दार उघडलं. दारामागच्या खुंटीला लग्नपत्रिकांच्या पाकिटांनी फुगलेली कापडी पिशवी टांगली होती. तिच्यावर नंदूचं डोकं आपटलं. चांगली वजनदार होती.

सर खिडकीशी बसले होते. अठ्ठ्याहत्तर वय, अंगात धुवट सदरा, ताठ कणा. आपल्याला पाद्रीबाबा कसे भेटले, ते त्यांनी रंगवून सांगितलं. नंदूला फार आवडलं.

"कार्डांना कागद कुठून आणता, सर?" कल्पिताने विचारलं.

"लग्नपत्रिका! मागची बाजू कोरी असते ना. कमल कापून देते, रोज दोन-तीन. बेचाळीस वर्षांत गावातलं एक लग्न सुटलं नाही आमच्या कोशातून." सर हसले. "शेवटची पेटी मार्गशीर्षात पुरी झाली. मी स्वतः दोरी बांधली तिला. आणि त्या सुबोधने..."

मग टेबलावरचं एक कार्ड उचलून त्यांनी नंदूच्या हातात ठेवलं. "आजचा शब्द. खांदा. ठेवा तुम्हाला." नंदूने कार्ड उलटून पाहिलं. मागे जुन्या कॅलेंडरच्या तारखा होत्या. त्याने ते जपून खिशात ठेवलं.

पेट्या कपाटात होत्या. सामान आवरताना कपाट हलवलं तेव्हापासून त्यांचा क्रम गेला होता. प्रत्येकीवर एक ग्रीक अक्षर चिकटवलेलं. नंदूला ती अक्षरं म्हणजे मुंगळेच वाटले.

सौरभ, सरांचा पुतण्या, त्यांच्याकडेच राहायचा. आतल्या खोलीत तो खोकी बांधत होता.

"सुबोध सांगत होता, तू या कार्डांना रद्दी म्हणालास?" कल्पिताने थेट विचारलं.

"म्हणालो. रागाच्या भरात. नवीन जागा एवढीशी, तिथे हे सगळं ठेवायचं कुठे, तुम्हीच सांगा ना." त्याने चिकटपट्टी दाताने तोडली. "पण मॅडम, मला टाकायचंच असतं तर चोवीसच्या चोवीस टाकल्या असत्या. एक टाकून माझी किती जागा होणार? आणि शेवटची कुठली, हे मला काय कळणार? मला ती अक्षरं वाचता येत नाहीत."

कमलकाकू स्वयंपाकघरात डबे पुसत होत्या.

"पेट्यांवर अक्षरं कोण चिकटवतं, काकू?"

"मीच. हे काढून देतात, मी चिकटवते. ग्रीक मला ओ की ठो कळत नाही, पण कुठली पेटी कुठली, हे झोपेतसुद्धा सांगेन."

"आणि कार्डं अजून पत्रिकांचीच कापता?"

"आता कुठे मिळतात गं पत्रिका? सगळी आमंत्रणं मोबाईलवर. शेवटची आमच्या भाचीची आली, त्याला वर्ष झालं. होत्या नव्हत्या त्या सगळ्या संपल्या, आता कॅलेंडरं कापते."

"सुबोधने नेली असेल पेटी?"

काकूंनी पुसलेलाच डबा पुन्हा पुसायला घेतला. "मी काय सांगू?" एवढंच म्हणाल्या.

निघताना सर दारापर्यंत आले. "तुमचं नाव काय म्हणालात?" त्यांनी नंदूला विचारलं. नंदूने सांगितलं. मग पाद्रीबाबांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून झाली, आणि सरांनी आणखी एक कार्ड पुढे केलं. "आजचा शब्द." म्हातारी माणसं अशीच असतात, असं मनात म्हणत नंदूने तेही न बघताच खिशात घातलं.

जिन्यात कल्पिता थांबली. "नंदूदादा, उद्या सकाळी पुन्हा यायचंय. सुबोधला घेऊन. आणि तो सदरा धुवायला टाकशील तर खिसा आधी रिकामा कर."

शनिवारी सकाळी सगळे बाहेरच्या खोलीत बसले. सरांनी सुबोधकडे पाठ केली होती. सुबोध उभाच राहिला.

"पेटी या घराबाहेर गेलीच नाही," कल्पिता म्हणाली. "सौरभचं म्हणणं खरं आहे. रद्दी टाकणारा एकच पेटी टाकत नाही, आणि क्रम बिघडलेल्या कपाटातून नेमकी शेवटची उचलणं त्याला जमलंच नसतं. अक्षरं ओळखणारी माणसं तीनच. सर, सुबोध आणि काकू."

"म्हणजे हाच," सर म्हणाले.

"तुम्ही म्हणता, पेटी मार्गशीर्षात पुरी झाली. मग सुबोधला सहा महिने 'थोडं राहिलंय' असं का सांगितलं गेलं? पुरी झालेली पेटी त्याच्यापासून कुणीतरी लांब ठेवत होतं. त्याला चोरायची गरजच नव्हती, सर. आपणहून हातात येणाऱ्या वस्तूसाठी तो वाट बघत बसला होता."

कल्पिता दाराकडे वळली.

"दुसरी गोष्ट. पत्रिका संपल्या म्हणून काकू कॅलेंडरं कापतात. मग दारामागची पिशवी पाकिटांनी एवढी फुगलेली कशी? नंदूदादा, काढ ती."

नंदूने पिशवी खाली घेतली. पहिल्या पाकिटावर हळदीकुंकवाची बोटं होती. आत पत्रिका नव्हती, कार्डं होती, दोऱ्याने बांधलेली. दुसऱ्यातही तेच.

"कमल?" सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला की नंदूने मान खाली घातली.

"का, ते मी सांगू की तुम्ही सांगता, काकू?"

काकूंनी पदर तोंडाशी धरला. कल्पिताने नंदूपुढे हात केला. "कालची दोन कार्डं दे."

नंदूने ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. दोन्हीवर एकच शब्द. खांदा. खाली वाक्यही तेच. 'वडिलांनी मला खांद्यावर घेऊन गिरणीची चिमणी दाखवली.'

"कोश सहा महिन्यांपूर्वी पुरा झाला," कल्पिता हळू आवाजात म्हणाली, "तर सर अजून रोज काय लिहितात, हा प्रश्न मला पडला होता."

"पहिली एकशे चौदा कार्डं बरोबर आहेत," काकू म्हणाल्या. त्यांनी पदर खाली सोडला. "निदान वेगवेगळी तरी आहेत. मग हा शब्द आला आणि पुढे सगळीकडे हाच. मला मराठी तर वाचता येतं ना. मागच्या वर्षी कळलं मला. ह्यांना सांगितलं नाही. म्हटलं, पुस्तक अपुरं राहिलं तरी चालेल, पण ह्यांचं हसं नको व्हायला. जाळायचा धीर झाला नाही." त्या सुबोधकडे वळल्या. "तुझ्यावर आलं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं मी. नाही उघडलं. माझं चुकलं रे."

सर बराच वेळ कार्डं चाळत बसले. एक, दोन, दहा, वीस.

"मला वाटायचं, रोज नवा लिहितोय," ते म्हणाले.

मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा सुबोधकडे पाहिलं. "मी तुला चोर म्हणालो. चार माणसांत म्हणालो."

"राहू दे, सर."

"राहू दे कसं? उद्या त्याच चार माणसांत परत घेईन. कमल, मला आठवण करून दे. लिहून ठेव." त्यांनी हातातली कार्डं पुढे केली. "याच्या पुढचं मला येत नाही रे आता. तू लिहिशील?"

"लिहीन. तुमच्यासमोर बसून लिहीन." सुबोधने ढिगातलं एक कार्ड उचललं. "आणि खांदा हा असाच राहील, तुमच्या वाक्यासकट. एकच कार्ड पुरे."

सौरभने बांधलेलं एक खोकं सोडलं, त्यातून बुटांची रिकामी पेटी काढली आणि सरांसमोर ठेवली. काकू पाकिटं रिकामी करू लागल्या.

कल्पिता आणि नंदू उठले. दाराशी नंदूला मागून हाक आली. सर कार्ड घेऊन उभे होते.

"तुमचं नाव काय म्हणालात?"

"नंदू परब, सर."

"हे ठेवा. आजचा शब्द."

नंदूने दोन्ही हात पुढे करून कार्ड घेतलं. जणू आधी कधी पाहिलंच नसावं अशा तऱ्हेने त्याने ते उभ्या उभ्या वाचलं, अगदी शेवटपर्यंत. "वडिलांबद्दल आहे का, सर?" त्याने विचारलं.

सर खुलले आणि सांगू लागले. कल्पिता पुढे झाली नाही, जिन्यातच थांबली.